भोरचे अर्ध्या आण्याचे तिकीट

मोठ्या शहरांतील टपालकचेऱ्यांचा इतिहास त्यांच्या इमारतींवरच वाचता येतो. कलकत्त्याची पांढऱ्या खांबांची आणि उंच घुमटाची कचेरी १८६८ मधली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी मुंबईची कचेरी १९१३ मधली. लहान गावाच्या टपालाला असे भाग्य क्वचितच लाभते. एखाद्या वाड्याची ओसरी, भिंतीला टांगलेली थैली, शाई, शिक्का आणि तराजू एवढ्यावर त्याचा संसार चालतो. आणि तो संसार उठून दुसरीकडे गेला की मागे खूणही उरत नाही. भोरच्या टपालाची मात्र एक खूण उरली आहे. ती आकाराने नखाएवढी असली, तरी जगातील तिकीटसंग्राहकांच्या सूचींत तिला आजही स्थान आहे.

इ. स. १८७९ मध्ये भोर संस्थानाने स्वतःची टपालतिकिटे काढली. तिकिटे दोनच होती, एक अर्ध्या आण्याचे व दुसरे एक आण्याचे. दोन्हींचा रंग तांबडा. छापखान्याच्या यंत्राशी त्यांचा संबंध नव्हता. हातकागदावर ठसा दाबून ती उठविलेली होती. कागद कोठे जाड तर कोठे पातळ, कडांना दाते नाहीत, पाठीला गोंद नाही. तिकीट हवे तेथे कात्रीने कापावे आणि खळ लावून लिफाफ्यावर चिकटवावे, असा हा घरगुती प्रकार होता. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हा हिशेब ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना अर्धा आणा म्हणजे दोन पैसे हे सांगावे लागणार नाही. इतक्या अल्प किमतीचा हा कागदाचा तुकडा काढण्याची गरज सह्याद्रीच्या कुशीतील एका लहान संस्थानाला का भासली, आणि तो त्याच्या प्रजेच्या कितपत कामी आला, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. लहान राज्याचे स्वत्व आणि सामान्य माणसाची सोय यांची गाठ कोठे पडते व कोठे सुटते, हे त्यात स्पष्ट दिसते.

भोर हे नीरा नदीच्या काठचे गाव. पुण्याच्या दक्षिणेस तीसएक मैलांवर, पुणे-सातारा हमरस्त्यापासून काहीसे आत, डोंगरांच्या कुशीत ते वसले आहे. येथील संस्थानिक पंत सचिव. सचिव हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील पद. पूर्वी त्याला सुरनीस म्हणत. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांना संस्कृत नावे मिळाली, तेव्हा सुरनिसाचा सचिव झाला. त्या समयी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. सचिवाचे मुख्य कर्तव्य पत्रांशी निगडित होते. राज्यातून निघणारी राजपत्रे त्याने वाचावीत, अधिकउणा मजकूर दुरुस्त करावा, त्यांवर आपल्या संमतीचे चिन्ह करावे आणि मगच ती रवाना व्हावीत, असा नियम असे. पुढे राजाराममहाराजांच्या बिकट काळात शंकराजी नारायण यांनी मावळातील किल्ले मोगलांकडून परत घेण्यात मोठा पराक्रम केला, त्यांना सचिवपद मिळाले आणि ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरागत झाले. ज्या घराण्याचा मूळ अधिकारच पत्र तपासून पुढे पाठविण्याचा, त्याच घराण्याच्या राज्यात दोनशे वर्षांनी टपालाचे तिकीट निघावे, हा इतिहासातील एक गमतीचा योग म्हटला पाहिजे.

तथापि सचिवांच्या दप्तरातून निघणारे पत्र आणि टपालातून जाणारे पत्र यांत मोठे अंतर आहे. मराठेशाहीत पत्रे वेगाने जात. जासुदांच्या जोड्या रात्रंदिवस चालत; एक आजारी पडला वा मारला गेला तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, म्हणून जोडी. परंतु ही सारी धावपळ सरकारची, सरदारांची आणि सावकारांची. सावकारी पेढ्यांची व्यवस्था तर इतकी चोख असे, की पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या कुणब्याला मात्र आपल्या मुलाचे कुशल विचारायचे झाले, तर त्या बाजूस जाणारा एखादा वाणी, गोसावी किंवा वारकरी भेटेपर्यंत वाट पाहणे एवढाच मार्ग होता. पत्र धाडणे हा तोपर्यंत अधिकाराचा किंवा संपत्तीचा विषय होता.

हा विषय सर्वांचा कसा झाला, त्याची हकीकत भोरपासून फार दूर सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीचे सरकारी टपाल सामान्य लोकांना वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये खुले केले. दर शंभर मैलांस दोन आणे असा तेव्हाचा दर होता. १८३७ च्या कायद्याने आपल्या मुलखात हशील घेऊन पत्रे नेण्याचा एकाधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला. परंतु हशील अंतरावरच अवलंबून राहिले. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचे पत्र धाडण्यास एक रुपया पडे. त्या काळी एका रुपयात मजुराच्या घरची कित्येक दिवसांची चूल पेटत असे. तेव्हा हे टपाल नावाने खुले असले तरी व्यवहारात बंदच होते.

१८५४ च्या कायद्याने ही स्थिती पालटली. पाव तोळा वजनापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानातील कंपनीच्या टपालाच्या कोणत्याही कचेरीत पोहोचेल, असे ठरले. मैलांचा हिशेब संपला. हशील आगाऊ भरल्याची खूण म्हणून राणीचे चित्र असलेली तिकिटे साऱ्या देशात विक्रीस आली. तिकीट न लावता टाकलेल्या पत्रावर, ज्याला पुढे लोक ‘नॉटपेड’ म्हणू लागले, घेणाऱ्याकडून दुप्पट हशील वसूल होई. तोळ्याच्या पत्रास जेथे रुपया पडत होता, तेथे आता दोन आणे पुरू लागले. पेशावर असो की मद्रास, पत्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे सारख्याच अंतरावर आली. राज्यकर्त्यांचा हेतू राज्याची सोय आणि व्यापाराची वाढ हा होता, यात संशय नाही. परंतु चांगल्या नियमाचा लाभ तो करणाऱ्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव मात्र राहून गेली होती. १८५४ च्या सुमारास साऱ्या देशात मिळून टपालकचेऱ्या होत्या सुमारे सातशे. त्या लष्करी छावण्यांच्या, जिल्ह्यांच्या ठाण्यांच्या आणि व्यापारी पेठांच्या गावी होत्या. हमरस्ता सोडून दहा-वीस मैल आत गेले, की अर्ध्या आण्याचे राज्य संपे. ब्रिटिश मुलखात ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक प्रांतांत ‘जिल्हा डाक’ नावाची दुय्यम व्यवस्था चालत असे. जिल्ह्याच्या ठाण्यापासून आतल्या पोलीस ठाण्यांपर्यंत व मामलेदार कचेऱ्यांपर्यंत सरकारी कागद नेणे हे तिचे मूळ काम, आणि त्याच पिशवीतून लोकांची पत्रेही जात. तिचा खर्च स्थानिक पट्टीतून भागविला जाई. ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकून होती.

संस्थानांच्या मुलखात हेच काम संस्थानांनी करावयाचे होते. भोरचे टपाल समजून घ्यावयाचे तर ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवनमावळ आणि सुधागड असे या संस्थानाचे पाच तालुके होते. किल्ल्यांवरून पडलेली ही नावेच त्या मुलखाचे स्वरूप सांगतात. विचित्रगड म्हणजे रोहिडा व प्रचंडगड म्हणजे तोरणा. सुधागड तालुका तर सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात; अष्टविनायकांपैकी पालीचा बल्लाळेश्वर त्यातच येतो. क्षेत्रफळ नऊशे चौरस मैलांहून थोडे अधिक, आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकवस्ती सुमारे १ लाख ३७ हजार. त्यांपैकी भोर शहरात राहणारे चार हजारांच्या आसपास. बाकीची सारी प्रजा डोंगरदऱ्यांत विखुरलेली. पावसाळ्यात ओढे भरले की शेजारच्या दोन गावांचाही संबंध तुटावा, असा हा प्रदेश. राजधानी घाटावर आणि एक तालुका घाटाखाली असलेल्या राज्याला कागदपत्रांची नियमित ने-आण केल्यावाचून एक दिवसही कारभार करणे शक्य नव्हते. त्या पिशवीत रयतेचीही चार पत्रे घ्यावीत आणि खर्चाचा काही अंश हशिलातून भरून काढावा, हा विचार कोणत्याही जाणत्या कारभाऱ्याला सुचण्यासारखाच होता.

अशी सुचलेली कल्पना केवळ भोरची नव्हे. सौराष्ट्रातील जुनागढने १८६४ मध्येच आपली तिकिटे काढली होती. हैदराबादच्या निजामाची तिकिटे १८६९ मध्ये निघाली. त्रावणकोर व कोचीन येथील ‘अंचल’ नावाचे टपाल तर तिकिटांच्या युगाहूनही जुने. मराठी माणसांच्या परिचयाच्या संस्थानांत होळकरांच्या इंदूरने १८८६ मध्ये महाराज तुकोजीराव यांच्या चित्राचे तिकीट काढले, आणि धारने १८९७ मध्ये खिळे जुळवून छापलेली देवनागरी अक्षरांची तिकिटे काढली. ग्वाल्हेरने निराळा मार्ग पत्करला. इंग्रज सरकारशी करार करून त्याच सरकारच्या तिकिटांवर आपल्या राज्याचे नाव छापून घेण्याची व्यवस्था शिंद्यांच्या दरबाराने १८८५ मध्ये स्वीकारली. या मालिकेत भोर हे विस्ताराने अगदीच लहान, पण काळाच्या दृष्टीने इंदूर व धार यांच्याही पुढे होते.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर त्याच्या छत्राखालील जहागीरदारांचा संबंध सरळ इंग्रज सरकारशी आला होता. फौज, परराष्ट्रव्यवहार, तह यांतले काहीच आता त्यांच्या हाती राहिले नव्हते. अशा वेळी स्वतःच्या नावाचे तिकीट ही लहानशी का होईना, पण राज्यसत्तेची खूण होती. तिच्यात मिरवण्याचा भाग असेलही. मात्र त्या तिकिटावर कोणाचे चित्र नव्हते, केवळ अक्षरे होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ते दरबारी थाटाचे नसून कचेरीच्या उपयोगाचे होते.

या तिकिटाची खरी मर्यादा निराळ्या ठिकाणी होती. संस्थानाचे तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालत असे. हद्दीबाहेर जाणाऱ्या पत्राला इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. भोरहून घाट उतरून पालीस जाणाऱ्या पत्राला पंत सचिवांचा अर्धा आणा पुरे होता. पण तीस मैलांवरच्या पुण्यास तो निरुपयोगी ठरे. उलट इंग्रज सरकारचा अर्धा आणा भोरच्या माणसाचे पत्र पुण्यासच काय, हजार मैलांपलीकडच्या पेशावरला आणि समुद्रापलीकडच्या रंगूनलाही पोहोचवी. किंमत एकच आणि पोहोच मात्र इतकी निराळी, ही तुलना भोरच्या बाजारात उभ्या असलेल्या निरक्षर माणसालाही समजण्यासारखी होती.

त्यातच काळानेही एक विलक्षण योग जुळवून आणला. ज्या १८७९ मध्ये भोरची तिकिटे निघाली, त्याच वर्षी १ जुलै रोजी हिंदुस्थान सरकारने पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू केले. पाव आणा म्हणजे एक पैसा. लिफाफा नको, तिकीट नको, खळ नको. कार्ड विकत घ्यावे, चार ओळी लिहाव्यात आणि पेटीत टाकावे. ज्याला स्वतःला लिहिता येत नसे तो शाळामास्तरांकडून किंवा कुळकर्ण्यांकडून लिहवून घेई. मजकूर उघडा राहतो म्हणून आरंभी प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. परंतु ज्यांची पत्रे तशीही दुसऱ्यानेच लिहायची आणि दुसऱ्यानेच वाचून दाखवायची, त्यांना त्यात गुप्त राखण्यासारखे काय होते? एका पैशाच्या त्या कार्डाने भोरच्या दोन पैशांच्या तिकिटाला जन्माच्या वर्षीच मागे टाकले.

पाठोपाठ आणखी सोयी आल्या. माल हाती आल्यावर पैसे भरण्याची व्ही. पी. ची पद्धत १८७७ पासून चालू होतीच. १८८० मध्ये मनिऑर्डर आली आणि १८८२ मध्ये टपालकचेरीत सेव्हिंग्ज बँक उघडली. यांतील मनिऑर्डरीचे महत्त्व मावळ आणि कोकण या भागांत विशेष. येथील शेती भाताची आणि नाचणी-वरीची. पाऊस उदंड, पण जमिनीचे तुकडे लहान. घरातील एक माणूस शेती पाही आणि दुसरा मुंबईची वाट धरी. गिरण्या, गोदी, हमाली अशा नाना कामांत तो शिरे, आणि त्याने धाडलेल्या पैशावर सारा, सावकाराचे व्याज आणि सणासुदीचे कपडे भागत. पूर्वी हा पैसा गावच्या कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कनवटीला लागून येई. तो वेळेवर पोहोचेलच, किंबहुना पोहोचेलच, याची शाश्वती नसे. मनिऑर्डरीने ही चिंता दूर केली. पैसे मिळाल्याबद्दल आईने किंवा बायकोने उठविलेला अंगठा पावतीवर मुंबईस परत जाई, आणि अक्षरशत्रू कुटुंबातील दोन माणसांमध्ये तेवढाच लेखी संवाद होई.

हे काम संस्थानी टपालाच्या आवाक्याबाहेरचे होते. मुंबईतील कचेरीत रुपये भरून घ्यावेत आणि दुर्गम मावळातील घरी ते मोजून द्यावेत, यासाठी दोन्ही टोकांना एकच खाते, एकच हिशेब आणि एकच जबाबदारी असावी लागते. पंत सचिवांच्या राज्याचे एक टोक त्यांच्याच हाती होते. दुसरे टोक, जेथे त्यांची प्रजा पोट भरत होती, ते परक्याच्या मुलखात होते. रयतेचे जीवन राज्याच्या सीमेबाहेर पसरले होते. त्या सीमेशी थांबणारे टपाल कितीही आपलेपणाचे असले, तरी अपुरेच राहणार होते. इंग्रज सरकारची टपालकचेरी जसजशी संस्थानी गावांतून स्थिरावत गेली, तसतशी संस्थानी तिकिटांची गरज कमी होत गेली, याचे कारण हेच होय.

१९०१ मध्ये भोरने पुन्हा एकदा तिकीट काढले. एकच किंमत, अर्धा आणा. या वेळी ते छापील होते आणि त्यावर १८७१ पासून गादीवर असलेल्या शंकरराव पंत सचिवांचे चित्र होते. दाते आणि गोंद यांचा मात्र याही वेळी अभाव होता. पहिल्या तिकिटावर नुसती अक्षरे होती, तेव्हा त्याला काही काम तरी होते. दुसऱ्यावर राजाचे चित्र आले, तेव्हा काम जवळजवळ उरले नव्हते. त्यानंतर भोरने तिकीट काढले नाही. शंकरराव पंत पुढे १९२२ पर्यंत राज्य करीत होते. टपालाचा कारभार मात्र त्यांच्या हयातीतच हातचा गेला.

यावरून भोरचा प्रयत्न व्यर्थ ठरवावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. साम्राज्याचे टपाल प्रथम आले ते हमरस्त्यांवर आणि रुळांवर. आडगावाचा विचार त्याने मागाहून केला. तोपर्यंत आडगावाचे पत्र आडगावाच्याच माणसांनी वाहिले. ब्रिटिश मुलखातील जिल्हा डाकेला कोणी निरर्थक म्हणत नाही. मग त्याच जातीच्या संस्थानी टपालाला तरी का म्हणावे? आणि दुसऱ्या बाजूने पाहता, साम्राज्याची सेवा विस्ताराने मोठी असली तरी तिची किल्ली परक्यांच्या हाती होती, हेही विसरून चालत नाही. संकटाच्या काळी त्याच कचेऱ्यांतून लोकांची पत्रे उघडून वाचली जात, आणि १९२२ मध्ये एका पैशाचे कार्ड दोन पैशांचे झाले तेव्हा मावळातील शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. जवळचे टपाल लहान आणि दूरचे टपाल परके, अशा दोहोंमधून त्या पिढीला निवड करावी लागली. तिने पोहोच पाहिली, आणि मुलांच्या ख्यालीखुशालीसाठी डोळे लावून बसलेल्या माणसांनी दुसरे काही करणे शक्यही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा पेच सुटला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९५१ मध्ये त्रावणकोर-कोचीनचे अंचलही भारतीय टपालात मिळाले, आणि संस्थानी टपालांचे प्रकरण संपले. आता टपाल देशभर एकच होते आणि ते देशाचेच होते. विलीनीकरणात भोरचा मुलूख मात्र एकत्र राहिला नाही. घाटावरचे तालुके पुणे जिल्ह्यात गेले. सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, त्याच जिल्ह्याला आज रायगड म्हणतात. घाटावरची राजधानी आणि घाटाखालची पाली यांना एका कारभारात बांधण्यासाठी जे तांबडे तिकीट हाताने उठविले गेले होते, त्या तिकिटाचे राज्य असे दोन जिल्ह्यांत वाटले गेले. भोरहून पालीस जाणारे पत्र अजूनही घाट उतरते. ते आता पुण्यास जाणाऱ्या पत्राइतक्याच हशिलात जाते, आणि वाटेत एक जिल्हा संपून दुसरा लागला, हे त्याच्या तिकिटावरून कोणालाही ओळखता येत नाही.